यादीतले निम्मे बौद्ध कुठे गेले? जुन्या व्हीबीस्क्रिप्टच्या चुका आणि त्यांची दुरुस्ती

गेल्या पावसाळ्यात आम्ही काही कार्यकर्त्यांनी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या वस्त्यांची एक साधी यादी करायला घेतली. कुटुंबप्रमुखाचं नाव, धर्म, जात, शिकणारी मुलं, त्यांच्या जन्मतारखा, उत्पन्न, शिष्यवृत्ती मिळते की नाही, एवढंच. भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, साक्री, शिरपूर अशा ठिकाणांहून वेगवेगळ्या फाइली आल्या. त्या एकत्र करून मोजणी करायला आमच्याकडे एक जुनी स्क्रिप्ट होती, दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्यातल्याच एका दादाने लिहिलेली. ती चालवली आणि 'धर्म : बौद्ध' या ओळीपुढचा आकडा पाहून सगळे गप्प झाले. उन्हातान्हात घरोघर फिरलेल्या पोरांना ठाऊक होतं की या वस्त्या जवळजवळ पूर्ण बौद्ध आहेत. स्क्रिप्ट म्हणत होती, निम्मेच आहेत.

कारण शोधायला दोन दिवस लागले आणि सापडलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. निम्म्या लोकांनी 'बौद्ध' टाइप केलं होतं आणि निम्म्यांनी 'बौध्द'. पहिल्यात द आधी आणि ध नंतर, दुसऱ्यात ध आधी आणि द नंतर. माणूस दोन्ही वाचून पुढे जातो. यंत्राला ते दोन वेगळे धर्म वाटतात.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५,३१,२०० बौद्ध नोंदले गेले. देशातल्या दर चार बौद्धांपैकी तीनपेक्षा जास्त इथले. आता २०२७ ची जनगणना येते आहे, तिच्यात जातही विचारली जाणार आहे आणि धर्माच्या रकान्यात काय लिहायचं यावर आपल्या प्रत्येक बैठकीत बोलणं होतं. सरकारी मोजणी आपल्या हातात नाही. पण आपल्या स्वतःच्या याद्यांमध्ये आपणच आपली माणसं गहाळ करत असू तर दुसऱ्याला बोलायचं तोंड राहत नाही. म्हणून हा लेख. मी संगणकतज्ज्ञ नाही, समाजशास्त्र शिकलेली सामाजिक कार्यकर्ती आहे. पण या स्क्रिप्टशी वर्षभर झटापट केल्यावर जे कळलं ते लिहून ठेवावं असं वाटलं, कारण असल्या स्क्रिप्ट कितीतरी अभ्यासिकांच्या आणि संस्थांच्या संगणकांत पडून आहेत.

एक सूचना आधीच. आज्ञांची नावं मी खाली बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

ही भाषा अजून आपल्याकडे का आहे

व्हीबीस्क्रिप्ट १९९६ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररच्या तिसऱ्या आवृत्तीसोबत आली. विंडोज ९८ पासून ती प्रत्येक विंडोजमध्ये आयती मिळत गेली. वेगळं काही घ्यायचं नाही, उतरवायचं नाही, इंटरनेट नको. नोटपॅडमध्ये चार ओळी लिहा, फाइलच्या नावाला डॉट व्हीबीएस लावा आणि दोनदा क्लिक करा. देणगीत मिळालेला जुना संगणक आणि अधूनमधून येणारं नेट, एवढ्यावर चालणाऱ्या संस्थेला याहून सोयीचं काय असणार? एक्सेल उघडून त्यातले रकाने वाचायलाही ती येते.

तिची बदनामीही तितकीच जुनी. मे २००० मध्ये जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' हा व्हायरस याच भाषेत लिहिलेला होता. त्यामुळे जीमेल डॉट व्हीबीएस फाइल जोडूच देत नाही आणि अँटीव्हायरस तिच्याकडे संशयाने बघतो. तो संशय योग्य आहे. व्हॉट्सअ‍ॅप गटावर जयंतीच्या शुभेच्छा म्हणून कोणी अशी फाइल पाठवली तर ती उघडू नका. आपली स्क्रिप्ट दुसऱ्या कार्यकर्त्याला द्यायची असेल तर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मजकूर द्या, म्हणजे त्याला ती चालवण्याआधी वाचता येईल.

पहिलीच अडचण: देवनागरी दिसत नाही

स्क्रिप्ट चालतच नाही अशी तक्रार आली की मी आधी फाइलचं खरं नाव बघते. विंडोज शेपटीची अक्षरं लपवून ठेवतं, त्यामुळे आपल्याला जी 'यादी डॉट व्हीबीएस' दिसते ती प्रत्यक्षात 'यादी डॉट व्हीबीएस डॉट टीएक्सटी' असते. फोल्डरच्या व्ह्यू मेनूत फाइल एक्स्टेन्शन दाखवण्याची खूण करा, म्हणजे उलगडा होतो.

त्यानंतरची अडचण खास आपली, मराठीत काम करणाऱ्यांची. स्क्रिप्टमध्ये 'बौद्ध' हा शब्द लिहिला, पण चालवल्यावर तिथे प्रश्नचिन्हं किंवा परदेशी वाटणारी चित्रविचित्र अक्षरं येतात. याचं मूळ फाइल सेव्ह करण्याच्या पद्धतीत आहे. व्हीबीस्क्रिप्टला फक्त दोन प्रकारच्या फाइली वाचता येतात: जुनी आन्सी आणि युटीएफ-१६ एलई. आन्सीत देवनागरी बसतच नाही. हल्लीचं नोटपॅड तर आपणहून युटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं आणि ते या भाषेला कळत नाही. युटीएफ-८ च्या सुरुवातीला बीओएम ही खूण असेल तर 'इनव्हॅलिड कॅरेक्टर' म्हणून पहिल्याच ओळीच्या पहिल्या अक्षराला अडते. खूण नसेल तर अडत नाही, पण देवनागरीचा चुथडा करते. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण चूक झाल्याचं कळत नाही.

उपाय सोपा आहे. सेव्ह अ‍ॅज करताना खाली एन्कोडिंगच्या जागी युटीएफ-१६ एलई निवडा. जुन्या नोटपॅडमध्ये त्यालाच नुसतं 'युनिकोड' म्हटलं आहे.

पण हे झालं स्क्रिप्टच्या फाइलचं. ज्या यादीतून ती माहिती वाचते त्या फाइलचं वेगळं बघावं लागतं. 'ओपन टेक्स्ट फाइल' या आज्ञेला चौथी किंमत उणे एक दिली तर ती फाइल युटीएफ-१६ समजून वाचली जाते. काहीच दिलं नाही तर आन्सी समजून. युटीएफ-८ ची यादी तिला कोणत्याही आकड्याने वाचता येत नाही. त्यासाठी 'एडीओडीबी स्ट्रीम' ही वस्तू वापरून तिचा कॅरसेट युटीएफ-८ असा सांगावा लागतो. आणि काळ्या खिडकीत देवनागरी नीट दिसेल याची आशा सोडा. निकाल फाइलमध्ये लिहा आणि ती फाइल उघडून बघा.

चूक गिळणारी ओळ

आमच्या दादाच्या स्क्रिप्टची पहिली ओळ होती, 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट'. म्हणजे चूक झाली तर बोलू नकोस, पुढच्या ओळीवर जा. त्याने ती का लिहिली हे मी समजू शकते. पाचशे ओळींची यादी चालवताना मध्येच एक रिकामा रकाना आला की सगळं बंद पडतं, वैताग येतो, मग माणूस ही ओळ टाकून मोकळा होतो.

पण या ओळीचं एक विचित्र वागणं आहे, जे बहुतेकांना माहीत नसतं. 'इफ' ची अट तपासतानाच चूक झाली तर पुढची ओळ कुठली? 'इफ' च्या आतली! म्हणजे अट पूर्ण झाली असं समजूनच काम होतं.

आमच्याकडे नेमकं हेच घडलं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे. स्क्रिप्ट उत्पन्नाचा आकडा बघून पात्र विद्यार्थ्यांची वेगळी यादी करत होती. काही ठिकाणी आमच्या पोरांनी आकड्याऐवजी अक्षरांत लिहिलं होतं, 'तीन लाखाच्या वर', 'शेतमजुरी', 'माहीत नाही'. या प्रत्येकाचा आकडा करताना चूक होत होती, चूक गिळली जात होती आणि ती सगळी घरं पात्र यादीत जाऊन बसत होती. आम्ही त्यातल्या काही पालकांना तुमचा मुलगा पात्र आहे, कागदपत्रं काढा, असं सांगूनही आलो होतो. उत्पन्नाचा दाखला काढायला माणसाचा एक दिवसाचा रोज बुडतो. परत जाऊन नाही म्हणून सांगायची वेळ कोणावर येऊ नये.

तेव्हा ही ओळ सबंध स्क्रिप्टच्या माथ्यावर लिहू नका. जिथे खरोखर चूक होऊ शकते, उदाहरणार्थ एक्सेलची फाइल उघडताना, तेवढ्याच जागेपुरती लिहा, लगेच 'एर डॉट नंबर' शून्य आहे का ते तपासा आणि 'ऑन एरर गोटू झीरो' लिहून ती मुभा काढून घ्या. आकडा आहे की नाही हे 'इझ न्यूमेरिक' ने आधी बघा. पण एक खाचखळगा इथेही आहे. 'आकडा आहे आणि तो अडीच लाखांच्या आत आहे' अशा दोन अटी एकाच ओळीत 'अँड' ने जोडू नका. ही भाषा पहिली अट खोटी ठरली तरी दुसरी तपासायला जाते आणि तिथे अडखळते. एका 'इफ' च्या आत दुसरा 'इफ' असंच लिहावं लागतं.

जन्मतारखेचा घोळ

एका मुलीची जन्मतारीख आमच्या यादीत चुकली. शाळेच्या दाखल्यावर ५ ऑगस्ट, आमच्या यादीत ८ मे. अर्ज भरणाऱ्या पोराने आमच्याच यादीवरून तारीख उतरवली आणि अर्ज परत आला. मुदतीच्या आत दुरुस्त झाला म्हणून निभावलं. चूक पूर्णपणे आमची होती.

मजकुरातली तारीख व्हीबीस्क्रिप्ट 'सीडेट' ने ओळखते, पण दिवस आधी की महिना आधी हे ती संगणकाच्या रीजन सेटिंगवरून ठरवते. आपल्याकडे जुळवून दिलेल्या बऱ्याच संगणकांवर ते सेटिंग अमेरिकेचं राहून गेलेलं असतं. तिथे महिना आधी. आता गंमत बघा. आपल्या ओळखीच्या तारखा घेऊन करून पाहिलं. १४/०४/१८९१ बरोबर आली, १४ एप्रिल. कारण चौदावा महिना नसतो, म्हणून ती आपणहून अदलाबदल करून घेते. बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुक्कामाला होते ती ३१/०७/१९३७ ही तारीखही बरोबर आली. १४/१०/१९५६ बरोबर. आणि ०६/१२/१९५६? तिची झाली १२ जून.

म्हणजे महिन्याच्या बारा तारखेनंतर जन्मलेली मुलं सुखरूप, त्याआधीची बहुतेक सगळी चुकलेली. वरवर चाळून बघणाऱ्याला चूक दिसतच नाही, कारण निम्म्याहून जास्त तारखा बरोबर असतात. नवीन संगणकावर स्क्रिप्ट नेली की मी आधी ही चार तारखांची फाइल चालवते. महापरिनिर्वाण दिन डिसेंबरात आला तरच पुढे जाते.

कायमचा उपाय म्हणजे 'सीडेट' वर विसंबायचंच नाही. 'स्प्लिट' ने तिरप्या रेघेवर तारीख तोडायची आणि 'डेट सीरियल' ला साल, महिना, दिवस या क्रमाने द्यायची. साल चार आकडीच हवं.

बँक खात्याच्या क्रमांकाचाही असाच घात होतो. काही खाते क्रमांक शून्याने सुरू होतात, आणि एक्सेलने त्याला संख्या मानलं की पुढची शून्यं गळतात. पंधरा आकड्यांपुढचे आकडे तर शून्य होऊन जातात. खाते क्रमांक आणि आधार क्रमांकाचे रकाने आधीपासूनच टेक्स्ट म्हणून ठेवा. एकदा गेलेले आकडे कोणतीही स्क्रिप्ट परत आणू शकत नाही.

बिऱ्हाडे किती आणि कोणते

आता मूळ दुखण्याकडे येते. 'बौध्द' हा उघड चुकलेला शब्द होता, 'रिप्लेस' ने तो 'बौद्ध' करून टाकला की झालं. पण खानदेशात बिऱ्हाडे आडनावाची कितीतरी घरं आहेत आणि त्यांची मोजणी करताना मला कळलं की दोन शब्द डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसूनही आत वेगळे असू शकतात.

बिऱ्हाडे मधला तो आडवा, चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हेने टाइप होतो. एक तऱ्हा, खाली टिंब असलेला ऱ, मग हलंत, मग ह. दुसरी, साधा र, मग हलंत, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर, मग ह. पडद्यावर आणि छापल्यावर दोन्ही सारखंच. कोणता कीबोर्ड वापरला यावर ते अवलंबून. शिवाय काही जण घाईत रफार देऊन 'बिर्हाडे' लिहितात, तो तिसरा. एकाच वस्तीतल्या सख्ख्या भावांची घरं आमच्या यादीत तीन आडनावांखाली गेली होती.

यासाठी तुलना करण्याआधी प्रत्येक नाव एका साच्यातून काढावं लागतं. न दिसणारी अक्षरं सांकेतिक क्रमांकाने पकडायची. 'सीएचआर डब्ल्यू' या आज्ञेला क्रमांक दिला की ते अक्षर मिळतं. झीरो विड्थ जॉइनरचा क्रमांक ८२०५. आधी 'र, हलंत, ८२०५' हा तुकडा 'ऱ, हलंत' ने बदला. मगच उरलेले ८२०५ काढून टाका. क्रम उलटा केला तर सगळ्या बिऱ्हाड्यांचे बिर्हाडे होतील. 'ट्रिम' ने मागेपुढे राहिलेली मोकळी जागा जाते, पण वेबसाइटवरून उचललेल्या मजकुरात १६० क्रमांकाची वेगळीच मोकळी जागा असते, ती 'ट्रिम' ला दिसत नाही. ती आधी साध्या मोकळ्या जागेने बदला.

नाव कापायला 'लेफ्ट' वापरत असाल तर जपून. आपण 'क्षि' ला एक अक्षर म्हणतो, यंत्र त्याला चार मोजतं: क, हलंत, ष आणि वेलांटी. दहा अक्षरांवर कापलेलं नाव हलंतावर तुटून लटकतं.

कृतिदेवमधली जुनी दप्तरं

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि सगळ्यात मोलाचं कामही इथेच झालं. साक्रीकडून आलेली यादी युनिकोडमध्ये नव्हतीच. ती कृतिदेवमध्ये होती. जुन्या डीटीपीवाल्यांकडून टाइप करून घेतलेल्या वर्गणीच्या नोंदी, वर्षावासातल्या कार्यक्रमांचे हिशेब, धम्म परिषदांचे ठराव अशाच फाँटमध्ये अडकलेले असतात. फाँट नसलेल्या संगणकावर त्या फाइली म्हणजे इंग्रजी अक्षरांचा कचरा. कारण आत खरोखर इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट फक्त त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो.

कृतिदेवमध्ये काना म्हणजे लहान के. अर्धा भ म्हणजे मोठा एच. पूर्ण भ नाहीच, तो एच आणि के मिळून होतो. दीर्घ वेलांटी लहान एच, म म्हणजे लहान ई. तेव्हा 'भीम' हा शब्द आत चार अक्षरांचा असतो: मोठा एच, के, लहान एच, ई. आता तुम्ही बदलाबदलीची सुरुवात एकेका अक्षराने केली तर के चा काना होईल, एच चा अर्धा भ होईल आणि हाती येईल हलंत लागलेला भ, त्यापुढे लोंबकळणारा काना आणि वर वेलांटी. आमच्या पहिल्या प्रयत्नात सगळ्या यादीत एकही भीमराव शाबूत नव्हता. म्हणून नियम असा की दोन-तीन अक्षरी जोड्या आधी बदलायच्या, सुटी अक्षरं शेवटी.

दुसरी चूक आणखी सूक्ष्म. 'रिप्लेस' ला शेवटची किंमत एक दिली तर ती लहान-मोठं अक्षर सारखंच मानते. इंग्रजी मजकुरात ते सोयीचं असतं, म्हणून काही जण सवयीने देतात. कृतिदेवमध्ये लहान एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आणि मोठा एफ म्हणजे अर्धा थ. दोन्ही एक झाले की संपलं. ती किंमत देऊच नका, आपोआप लहान-मोठं वेगळं धरलं जातं.

तिसरी अडचण क्रमाची. फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती कागदावर आधी दिसते. रफार नंतर टाइप होतो, कारण तो वर शेवटी येतो. युनिकोडमध्ये उलट, उच्चाराप्रमाणे वेलांटी व्यंजनाच्या नंतर आणि रफाराचा र आधी. 'सिद्धार्थ' या एका नावात दोन्ही आहे. कृतिदेवमध्ये ते असं साठलेलं असतं: लहान एफ, लहान एल, बंद कंस, के, मोठा एफ, के, मोठा झेड. बंद कंस म्हणजे 'द्ध', मोठा झेड म्हणजे रफार. बाकीची अक्षरं बदलून झाली, पण एफ आणि झेड मुद्दाम तसेच ठेवले की उरतं: एफ, स, द्ध, काना, थ, झेड. आता एफ पुढच्या व्यंजनाच्या पलीकडे न्यायचा आणि त्याची वेलांटी करायची. झेड मागच्या व्यंजनाच्या अलीकडे आणायचा, मध्ये काना-मात्रा असतील तर त्याही ओलांडून, आणि त्याचा 'र हलंत' करायचा. मग सिद्धार्थ नीट उभा राहतो.

हे हलवाहलवीचं काम 'व्हीबीस्क्रिप्ट रेग एक्स' ने होतं. एक व्यंजन आणि त्यापुढे हलंत-व्यंजन अशी जोडी कितीही वेळा, एवढा एकच नमुना दोन्हीकडे वापरता येतो. इथे सगळे एकच चूक करतात, मीही केली. 'ग्लोबल' हा गुण 'ट्रू' करायला विसरलं तर प्रत्येक ओळीतली फक्त पहिली वेलांटी दुरुस्त होते. पहिलं नाव बरोबर दिसतं म्हणून आपण खूश होतो आणि वडिलांचं नाव तसंच मोडकं राहतं.

आणखी एक. एकाच शीटमध्ये काही रकाने कृतिदेवमध्ये आणि काही साध्या इंग्रजीत असतात. सगळ्यावर सरसकट स्क्रिप्ट चालवली तर इंग्रजी नावांचं मातेरं होतं. एक्सेलमधून वाचत असाल तर प्रत्येक खान्याच्या फाँटचं नाव विचारता येतं, ते कृतिदेव असेल तरच बदला. श्रीलिपीतल्या फाइलींना हे कोष्टक चालत नाही, तिचं वेगळं आहे.

ऑनलाइन फाँट बदलून देणाऱ्या साइट आहेत, मग एवढा खटाटोप कशाला, असं मला विचारलं गेलं. ठराव किंवा भाषण असेल तर खुशाल वापरा. पण ज्या यादीत माणसाची जात, उत्पन्न, आधार आणि मोबाइल क्रमांक आहे ती अनोळखी साइटवर चिकटवणं मला मान्य नाही. लोकांनी ती माहिती आपल्याला दिली ती आपल्या तोंडाकडे बघून.

किरकोळ, पण रोजच्या

स्क्रिप्टच्या माथ्यावर 'ऑप्शन एक्स्प्लिसिट' लिहा. नाहीतर एकीकडे 'एकूण' आणि दुसरीकडे चुकून 'ऐकूण' लिहिलं तर भाषा गुपचूप नवीन रिकामी पेटी तयार करते आणि बेरीज शून्य येते. 'क्रिएट ऑब्जेक्ट' च्या ओळीआधी 'सेट' विसरला की 'ऑब्जेक्ट डझंट सपोर्ट' असा गोंधळात टाकणारा निरोप येतो. शब्द जोडायला अधिकचं चिन्ह नको, अँडचं चिन्ह वापरा. 'सीइंट' ३२,७६७ च्या पुढे जात नाही, उत्पन्नासाठी 'सीलाँग' घ्या. 'एको' लिहिलेली स्क्रिप्ट दोनदा क्लिक करून चालवली तर प्रत्येक नावाला एक खिडकी उघडते आणि तीनशेदा ओके दाबावं लागतं, त्यापेक्षा काळ्या खिडकीतून 'सीस्क्रिप्ट' ने चालवा. जुनी अ‍ॅक्सेसची फाइल नव्या ६४ बिटच्या विंडोजवर उघडत नसेल तर 'सिस वॉव ६४' फोल्डरातला सीस्क्रिप्ट वापरून बघा. नावात चौसष्ट असलं तरी ३२ बिटचा तोच आहे.

स्क्रिप्टने काय ठरवू नये

बौध्दचं बौद्ध करणं ही शुद्धलेखनाची दुरुस्ती आहे. पण आमच्या धर्माच्या रकान्यात 'नवबौद्ध' होतं, 'हिंदू' होतं, 'महार' होतं आणि पुष्कळ ठिकाणी काहीच नव्हतं. उत्साही पोरांचं म्हणणं, ताई, चार ओळी टाकू, सगळ्यांचं बौद्ध करून टाकू. मी नाही म्हटलं आणि त्यावरून बराच वाद झाला.

'नवबौद्ध' हा शब्द अनेकांना खटकतो, मलाही. पण रमाई आवास असो की स्वाधार, राज्य सरकारच्या योजनांत 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असंच लिहिलेलं असतं, आणि दाखल्यावरचा शब्द बघून लोक तो सांगतात. 'हिंदू' लिहिणाऱ्या घरात कधी जुनी भीती असते. १९९० पर्यंत बौद्ध म्हटलं की केंद्राच्या सवलती जात होत्या, त्या वर्षी कायदा बदलून बौद्धांना अनुसूचित जातीत धरलं गेलं, पण मागच्या पिढीच्या मनातली धास्ती कायदा बदलला म्हणून जात नाही. अशा घरात जाऊन बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो, समजावून सांगावं लागतं. ते काम 'रिप्लेस' कडे सोपवलं तर यादी सुंदर होईल आणि खोटी होईल.

म्हणून आम्ही मूळ रकाना जसाच्या तसा ठेवला. शेजारी एक नवा रकाना केला, त्यात फक्त शुद्धलेखन सुधारलेला शब्द. आणि तिसऱ्या रकान्यात 'पुन्हा भेट' अशी खूण, जिथे धर्म रिकामा किंवा वेगळा असेल तिथे. स्क्रिप्ट मूळ फाइलला हात लावत नाही, नेहमी नवी फाइल तयार करते आणि काय बदललं त्याची ओळन् ओळ वेगळ्या नोंदीत लिहिते.

हे किती दिवस चालणार

फार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीबीस्क्रिप्ट बंद करत असल्याचं जाहीर केलं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ती वेगळा जोडलेला भाग म्हणून येते, सध्या चालू स्थितीत. २०२७ च्या सुमारास ती आपोआप चालू नसेल आणि त्यानंतर कधीतरी पूर्ण काढली जाईल. विंडोज ७ किंवा १० वरच्या जुन्या संगणकांवर ती चालत राहील, पण ते संगणकही किती दिवस?

नव्या पोरांनी ही भाषा शिकावी असं मी अजिबात म्हणणार नाही. पायथन शिका, किंवा विंडोजमध्ये आयतं काही हवं असेल तर पॉवरशेल. मात्र तिथे गेलं म्हणजे वरच्या अडचणी सुटल्या असं नाही. विंडोजमधल्या पॉवरशेल ५.१ ला देवनागरी असलेली स्क्रिप्ट बीओएमसह युटीएफ-८ मध्ये लागते, म्हणजे व्हीबीस्क्रिप्ट ज्याला अडते नेमकं तेच. तारखा तिथेही उलटतात, आणि बिऱ्हाडे तर कुठल्याही भाषेत दोन तऱ्हेने लिहिले जातात.

माझ्या मते आधी दप्तर वाचवावं. जुनी स्क्रिप्ट चालते आहे तोवर तिच्याकडून कृतिदेव आणि श्रीलिपीतल्या सगळ्या फाइली युनिकोडमध्ये काढून घ्याव्यात, मूळ फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरी ठेवाव्यात, मग नव्या भाषेचं बघावं. आमची साक्रीची यादी पूर्ण झाली. धुळ्याच्या दोन वस्त्यांची जुळवणी झाली. शिरपूरच्या फाइलीत 'पुन्हा भेट' ची खूण असलेली घरं बरीच आहेत, पुढचे दोन रविवार तिकडे जायचं ठरलं आहे. मोटारसायकल आहेत, माणसं कमी पडत आहेत.